चालत्या गाड्याला वेळीच खीळ: बारा सर्व्हर आपोआप बदलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात पर्वरीतल्या एका कंपनीचे हॉटेल-आरक्षणाचे संकेतस्थळ १२ वेब सर्व्हरवर चालते. पुढे रहदारी सर्व्हरांत वाटणारे २ एचएप्रॉक्सी आहेत, मागे पोस्टग्रेस डेटाबेस (एक मुख्य म्हणजे प्रायमरी, एक तिची प्रत म्हणजे रेप्लिका) आणि ग्राहकांची सेशन (चालू भेटीची माहिती) ठेवायला रेडिस. सगळी यंत्रे मुंबईत भाड्याने घेतलेल्या व्हीएम (आभासी यंत्रे) आहेत आणि सगळ्यांवर सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली आहे. नाताळच्या गर्दीआधी हे सगळे अल्मालिनक्स ९ वर न्यायचे आहे, तेही संकेतस्थळ बंद न ठेवता. एक कमांड दिली की बाराही सर्व्हर ओळीने बदलावेत, अशी इच्छा आहे. अनेक सर्व्हरवर सूचना राबवणारे ॲन्सिबल थोडेफार येते. टेराफॉर्म (यंत्रे घडवणारे साधन) किंवा पपेट (यंत्रांचे कॉन्फिग राखणारे साधन) शिकावे लागेल का, असेही विचारले आहे.

ॲन्सिबल पुरेल. नवा सर्व्हर उभा करणे हा या कामाचा सोपा भाग आहे. तो कोणत्याही साधनाने होतो. अवघड आहे ते दोन सर्व्हरच्या मधले दार, म्हणजे गेट: पहिला झाल्यावर दुसऱ्याला हात लावायचा की नाही, हे कोण ठरवणार आणि कशावरून? एक सर्व्हर बिघडला तर उरलेले अकरा काम ओढतात. तोच बिघाड कोणी न अडवता ओळीने बाराही सर्व्हरवर गेला तर धंदा बंद. म्हणून पुढे सरकण्याआधी थांबणे आपोआप करा.

सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आणि त्याच्या नेहमीच्या रिपॉझिटरी (पॅकेजचे साठे) आरशांवरून, म्हणजे प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, निघून जुन्या संग्रहात गेल्या. परिणामी आज नवा सेंटओएस ७ सर्व्हर उभा करून त्याच्या मूळ सेटिंगने यम (पॅकेज बसवणारी कमांड) चालवले तर पॅकेज मिळत नाहीत. म्हणजे तुमचे चालू असलेले बारा सर्व्हर हाच मागे येण्याचा सर्वांत खात्रीचा रस्ता आहे. त्यांच्यावरच नवी प्रणाली चढवू नका. शेजारी नवे उभे करा, नवे काम करू लागले की जुने बाजूला घ्या.

नव्यांना जुनी नावे देऊ नका. वेब०१ च्या जागी पुन्हा वेब०१ आणला की एसएसएचची (दुरून जोडणीची) जुनी यजमान-किल्ली, म्हणजे सर्व्हरची ओळख, जुळत नाही, मॉनिटरिंगमध्ये जुना आणि नवा आलेख एकमेकांत मिसळतात, आणि पपेट असेल तर जुने प्रमाणपत्र आडवे येते. किल्ली जुळत नाही म्हणून ॲन्सिबलमधली यजमान-किल्लीची तपासणीच बंद करून टाकणे ही फार सर्रास दिसणारी चूक आहे. वेबबी०१ ते वेबबी१२ अशी नावे ठेवली तर यातले बरेच प्रश्न उगवतच नाहीत. नव्या सर्व्हरची किल्ली क्लाउड-इनिटमधून (व्हीएम पहिल्यांदा उठताना तिची मांडणी करणारे साधन) आधीच घालून ठेवा, म्हणजे ती काय असणार हे कंट्रोलरला (ॲन्सिबल चालवणाऱ्या यंत्राला) माहीत असते.

पहिले दोन दिवस मात्र ॲन्सिबलला हात न लावता शोधाशोधीत घालवा. बाराही सर्व्हर सारखे आहेत असे सगळ्यांना वाटत असते, आणि ते कधीच तसे नसतात. प्रत्येकावर सगळ्या वापरकर्त्यांचे क्रॉनटॅब, क्रॉन-डी फोल्डर आणि सिस्टमडीचे टायमर (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे) काढून एकमेकांशी ताडून पाहा. परदेशी पाहुण्यांच्या सरकारी नोंदीची यादी रोज रात्री काढणारा क्रॉन फक्त वेब०१ वर लावलेला असतो. परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत द्यावी लागते, त्यामुळे हा क्रॉन गळाला तर त्रास तुमच्या प्रत्येक हॉटेलमालकाला होतो. हॉटेलांचे फोटो सर्व्हरच्याच डिस्कवर साठत नाहीत ना, हेही पाहा. साठत असतील तर आधी ते सामायिक साठवणीत हलवा. फोटो निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे अशा अवस्थेत अदलाबदल सुरूच करता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास आडवी येते. पेमेंट गेटवे, बँक आणि एसएमएस देणारे पुष्कळ वेळा तुमचे बाहेर जाणारे आयपी पत्ते त्यांच्या यादीत नोंदवून घेतात. नवा सर्व्हर नव्या पत्त्यावरून बोलू लागला की पान उघडते, खोल्या दिसतात, फक्त पैसे भरताना व्यवहार नाकारला जातो, आणि तोही बारापैकी एकाच सर्व्हरवर. ग्राहकाने पुन्हा प्रयत्न केला की दुसऱ्या सर्व्हरवर जातो आणि व्यवहार होतो, म्हणून तक्रारही धड येत नाही. सगळी बाहेरची रहदारी एका ठरावीक पत्त्याच्या नॅटमधून न्या, किंवा नवे बारा पत्ते आधी नोंदवा. बँकेकडून नोंद व्हायला दिवस लागतात, तेव्हा हे पत्र पहिल्याच दिवशी पाठवा. सोबत जुन्या एपीआयही तपासा. अल्मालिनक्स ९ मध्ये ओपनएसएसएल ३ (जोडणी गुपित ठेवणारी लायब्ररी) आहे आणि टीएलएस या जोडणी-नियमांच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मूळ धोरणातच बंद आहेत. समोरची एखादी जुनी सेवा त्यावरच अडकलेली असेल तर जोडणीच होणार नाही.

आता गणित. बारा सर्व्हर गर्दीच्या वेळी सरासरी ६० टक्के सीपीयू वापरत असतील, तर एकूण काम ७.२ सर्व्हरचे आहे. तीन काढले तर उरलेल्या नऊंवर ८० टक्के भार येतो, चार काढले तर आठांवर ९० टक्के. त्यात एखादा आपणहून पडला की संपले. म्हणून आधी काढून मग घालण्यापेक्षा आधी घालून मग काढणे चांगले. पण त्याचीही किंमत आहे, आणि ती डेटाबेसच्या दारात मोजावी लागते.

पोस्टग्रेसमध्ये कनेक्शनची कमाल मर्यादा मुळात १०० असते, आणि त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखून ठेवलेली असतात. राहिली ९७. प्रत्येक वेब सर्व्हर ८ कनेक्शनचा पूल (कायम उघडा ठेवलेला संच) धरत असेल तर १२ सर्व्हरची ९६ होतात, कशीबशी मावतात. तेरावा सर्व्हर आला की त्याला एक कनेक्शन मिळते आणि पुढची नाकारली जातात. लोक नव्या सर्व्हरच्या प्रतिमेत (तो ज्या साच्यावरून उभा राहतो त्यात) चूक शोधत बसतात, आणि चूक तिथे नसते. मर्यादा वाढवायची तर पोस्टग्रेस पुन्हा सुरू करावी लागते. तुम्ही जास्तीत जास्त तीन नवे एकाच वेळी घालणार असाल तर पूल ६ वर आणा: १५ सर्व्हरची ९० होतात आणि देखरेखीलाही जागा उरते. गर्दी नसलेल्या दिवसांत सहा पुरतात की नाही, ते आधी जुन्यांवरच करून पाहा. पुरत नसतील तर मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शने अनेकांत वाटून देणारा मध्यस्थ) बसवा, पण ते काम या अदलाबदलीच्या किमान आठवडाभर आधी उरकून टाका.

याच हिशेबातली दुसरी खोच: जुना सर्व्हर एचएप्रॉक्सीतून बाहेर काढला म्हणजे त्याने धरलेली कनेक्शने सुटत नाहीत. ॲप्लिकेशन चालू असेपर्यंत पूल धरलेलाच असतो. तसेच पुढे गेलात तर शेवटी २४ सर्व्हर गुणिले ६ म्हणजे १४४. जुन्याला बाजूला घेतल्यावर त्याची ॲप्लिकेशन सेवा थांबवा, यंत्र बंद करू नका. मागे यायचे झाले तर सेवा सुरू करायला काही सेकंद लागतात. सेवेच्याही आधी क्रॉन आणि रांगेवरचे वर्कर (रांगेत साठलेली कामे उरकणाऱ्या प्रक्रिया) थांबवा, नाहीतर जुना आणि नवा दोघेही आरक्षणाचा एकच एसएमएस पाठवतात.

प्लेबुकची, म्हणजे ॲन्सिबलच्या कामांच्या फाइलची, मांडणी अशी करा. एचएप्रॉक्सीच्या दोन्ही कॉन्फिगमध्ये जुने बारा आणि नवे बारा अशा चोवीस ओळी आधीच लिहा, नवे सगळे बंद अवस्थेत, प्रत्येकाचे वजन (रहदारीतला वाटा) १००. एकदाच रीलोड करा. त्यानंतरच्या सगळ्या सूचना ॲडमिन पातळीच्या सॉकेटवरून द्या, आणि प्रत्येक सूचना दोन्ही एचएप्रॉक्सींना. एकालाच सांगून दुसरा विसरला गेला की त्या दुसऱ्याकडून थांबवलेल्या सर्व्हरकडे रहदारी जात राहते. सॉकेटवरून दिलेल्या सूचना फक्त चालू प्रक्रियेच्या स्मरणात असतात आणि रीलोड झाला की पुसल्या जातात. म्हणून सर्व्हरची प्रत्येक तुकडी बदलून झाली की तीच स्थिती कॉन्फिग फाइलमध्येही लिहून ठेवा, रीलोड न करता. मग मध्येच कोणी प्रमाणपत्र बदलायला म्हणून रीलोड केला तरी जुने सर्व्हर अचानक जिवंत होणार नाहीत.

नव्या सर्व्हरला बंद अवस्थेतून थेट चालू करू नका. तसे केले तर हेल्थ चेक (आरोग्य-तपासणी) पुरता व्हायच्या आत त्याच्याकडे ग्राहक जाऊ शकतात. आधी ड्रेन अवस्थेत आणा. या अवस्थेत तपासण्या चालतात, पण नव्या ग्राहकांची वाटणी होत नाही. एचएप्रॉक्सी मुळात दर २ सेकंदांनी विचारते, ओळीने २ होकारांना सर्व्हर चांगला आणि ३ नकारांना वाईट मानते. तपासणी हिरवी दिसली की वजन १०, काही मिनिटांनी ५०, मग १००. ॲप्लिकेशनचा कॅशे (हाताशी ठेवलेली माहिती) थंड, म्हणजे रिकामा, असतो. पूर्ण भार एकदम दिला तर पहिली दोन-तीन मिनिटे पाने रखडतात आणि तुमचाच गेट विनाकारण लाल होतो.

एका वेळी किती सर्व्हर घ्यायचे हे ठरवणाऱ्या ॲन्सिबलच्या सीरियल सेटिंगला एकच आकडा देण्याऐवजी यादी देता येते. तुमच्यासाठी १, २, ३ अशी यादी बरोबर बसते. शेवटचा आकडा पुढे चालू राहतो, म्हणजे तुकड्या १, २, ३, ३, ३ अशा पडतात आणि बेरीज बारा. नवे यजमान (सर्व्हर) अजून जन्मलेलेच नसतात, म्हणून सुरुवातीची माहिती-गोळा करण्याची पायरी बंद ठेवा. आधी व्हीएम तयार करा, जोडणीची वाट पाहा, मग माहिती गोळा करा.

आता थांबण्याबद्दल, कारण ॲन्सिबलचे मूळ वागणे इथे घातक आहे. एखाद्या यजमानावर टास्क फसला तर ॲन्सिबल त्या यजमानाला सोडून देते आणि बाकीच्यांवर पुढे जाते. तुकडीतले सगळेच फसले तर खेळ (प्लेबुकमधला प्ले) थांबतो. तीनच्या तुकडीत दोन फसले आणि एक तरला, तर ॲन्सिबल पुढच्या तिघांकडे वळते! एकेकाने जाताना हे कधी दिसत नाही, कारण एकातला एक फसला म्हणजे सगळेच फसले. चाचणीत एकेकाने गेलेले लोक म्हणूनच गाफील राहतात. कमाल-अपयश-टक्केवारीचे सेटिंग ० ठेवा. इथे एक बारकावा आहे. दिलेला आकडा ओलांडला तरच थांबते, गाठला तर थांबत नाही. चारच्या तुकडीत दोन फसल्यावर थांबायला हवे असेल तर ५० नाही, ४९ लिहावे लागते. शून्य लिहिले की हा घोळ उरत नाही.

'एकदाच चालवा' ही खूण दुसरा सापळा. सीरियलसोबत वापरली तर तो टास्क सबंध खेळात एकदा न चालता प्रत्येक तुकडीत एकदा चालतो. डेटाबेसचे मायग्रेशन (टेबलरचनेतला बदल) त्याखाली ठेवलेले असेल तर तुमच्या पाच तुकड्यांत ते पाचदा धावेल. अशी कामे वेगळ्या खेळात ठेवा. खरे तर या फेरीत मायग्रेशन असताच कामा नये. प्रणाली बदलताना ॲप्लिकेशनची आवृत्ती अगदी तीच ठेवा, एक बारीक दुरुस्तीही नाही. दोन्ही एकदम बदलले तर बिघाड कोणामुळे झाला हे कळायला तुमची रात्र जाईल.

हँडलरचेही तसेच. सेवा पुन्हा सुरू करणारा हँडलर टास्कांचा भाग संपल्यावर चालतो. तुमची आरोग्य-तपासणी त्याच भागात असेल तर ती जुन्याच प्रक्रियेला विचारते, होकार मिळवते, आणि नंतर सेवा नव्या कॉन्फिगने उठताना कोसळते. तपासणीच्या आधी हँडलर मुद्दाम चालवून घ्या, किंवा तपासणी शेवटच्या पोस्ट-टास्क भागात ठेवा.

आवृत्तीचेही एक बंधन आहे. सेंटओएस ७ वर पायथन २.७ असते, आणि ॲन्सिबल-कोअर २.१७ पासून त्या आवृत्तीच्या यजमानांचा आधार काढला गेला. तुम्हाला जुन्या-नव्या दोन्हींना एकाच खेळात हात लावायचा आहे, म्हणून कंट्रोलरवर २.१६ ठेवा. जुने सगळे गेले की पुढे जा.

पॅकेजच्या आवृत्त्या बांधून टाका. पहिला सर्व्हर सोमवारी आणि बारावा गुरुवारी उभा राहिला, आणि दोघांनीही इंटरनेटवरून 'ताजे' उचलले, तर ते सारखे नसतात. पॅकर या साधनाने एकदाच प्रतिमा भाजा (तयार करा), तिच्यात सगळी पॅकेज घाला, आणि ॲन्सिबलला फक्त त्या-त्या सर्व्हरचे कॉन्फिग लिहू द्या. वेळही वाचतो.

जुन्याला रिकामे करणे म्हणजे काय, हे रायबंदरच्या धक्क्यावर उभे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. फेरीबोट बाजूला घ्यायची तर आधी नवी माणसे चढवणे थांबते, चढलेली पलीकडे उतरतात, मग बोट हलते. एचएप्रॉक्सीच्या ड्रेनमध्ये मात्र एक फट आहे. कुकीने ग्राहक एकाच सर्व्हरला बांधलेला असेल तर ड्रेनमध्येही तो त्याच सर्व्हरकडे येत राहतो. सहलीचे ठिकाण चाळणारा ग्राहक दोन तास पान उघडे ठेवतो आणि तुमची कमांड दोन तास वाट पाहते. तुमची सेशन रेडिसमध्ये आहेत, म्हणजे या बांधणीची गरजच नाही, ती काढून टाका. तरीही वाट पाहण्याला १० मिनिटांची मर्यादा घाला, आणि ती संपली की मेंटेनन्स अवस्था (पूर्ण बंद). तुमच्या पेमेंटच्या पानाला सर्वांत जास्त किती वेळ लागतो ते लॉगमध्ये पाहा आणि मर्यादा त्याच्या दुप्पट तरी ठेवा.

सेवा थांबवताना सिस्टमडी मुळात ९० सेकंद वाट पाहते आणि नंतर प्रक्रिया ठार करते. रांगेवरच्या वर्करचे काम तीन मिनिटांचे असेल तर ते मध्येच तुटेल. त्या सेवेच्या युनिटमध्ये मुदत वाढवा. एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रामला टर्म सिग्नल म्हणजे तत्काळ बंद, क्विट म्हणजे हातातले संपवून बंद. कोणता जातो आहे ते तपासा.

गेटवरची तपासणी किती खोल असावी? दोन वेगवेगळ्या ठेवा. एचएप्रॉक्सी दर दोन सेकंदांनी विचारते ती उथळ असू द्या: प्रक्रिया जिवंत आहे, उत्तर देते आहे, इतकेच. तिच्यात डेटाबेस घातला तर पोस्टग्रेस पाच-सहा सेकंद अडखळली की बाराही सर्व्हर एकदम बाहेर फेकले जातात. अदलाबदलीच्या गेटची तपासणी मात्र खोल हवी, आणि ती एचएप्रॉक्सीमार्फत न करता थेट नव्या सर्व्हरला विचारायची. डेटाबेसमधून एक हॉटेल वाचा, रेडिसमध्ये एक किल्ली लिहून परत वाचा, पेमेंट गेटवेच्या चाचणी पत्त्याशी टीएलएस जोडणी करून पाहा, ॲप्लिकेशनची आवृत्ती अपेक्षित आहे का बघा, घड्याळ क्रोनीशी (वेळ जुळवणारी सेवा) जुळले आहे का बघा. ओळीने पाच वेळा, दहा सेकंदांच्या अंतराने, सगळे होकार आले तर पुढे.

पहिला सर्व्हर आत गेल्यावर किती थांबायचे, यावर सर्वांत जास्त घाई होते. हे काम पावसाळ्यात करा असेच कोणीही सांगेल, आणि ते बरोबर आहे. पण संकेतस्थळाचा मोसम किनाऱ्याच्या मोसमाआधी येतो. नाताळची आरक्षणे नाताळात होत नाहीत, तुमच्याच लॉगमध्ये पाहिले तर ती आधीच्या आठवड्यांत दिसतील. जुलै-ऑगस्टमध्ये, चवथीच्या सुट्टीच्या आधी उरकणे मला सर्वांत योग्य वाटते. मात्र शांत दिवसांचा तोटा हा की पुरावा कमी मिळतो. समजा दिवसाला २६० आरक्षणे होतात. तेरापैकी एकाच्या वाट्याला २० येतील, म्हणजे तासाला एकसुद्धा नाही. एक तास थांबून 'चूक दिसली नाही' म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. नव्याचे वजन २५० केले (कमाल २५६ चालते) तर त्याच्याकडे एकूण १४५० पैकी २५०, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास रहदारी जाईल, दिवसाला ४५ आरक्षणे. पहिल्या सर्व्हरला पूर्ण २४ तास द्या, म्हणजे रात्रीचे क्रॉन, बॅकअप आणि लॉगची फिरती हे सगळे त्याच्यावरून एकदा जाईल. दुसऱ्या तुकडीला अर्धा दिवस आणि पुढच्यांना प्रत्येकी तासभर पुरे.

पाहायचे काय? ५०० च्या घरातल्या (सर्व्हरकडून झालेल्या) चुका आणि पानाचा वेळ तर पाहाच, पण गेटवर एक धंद्याचा आकडाही ठेवा: पेमेंटच्या पानावर पोहोचलेल्यांपैकी किती जणांचे आरक्षण पूर्ण झाले, नव्या सर्व्हरवर किती आणि जुन्यांवर किती. २०० चे ('सगळे ठीक') उत्तर देत राहणारा आणि एकही आरक्षण पूर्ण न करणारा सर्व्हर फक्त याच आकड्यात सापडतो. मॉनिटरिंगची सूचना गप्प करायची तर त्या एका सर्व्हरची, अर्ध्या तासाच्या मुदतीने. सगळ्यांची सूचना गप्प करून काम करणे म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणे.

कमांड कार्यालयातल्या लॅपटॉपवरून देऊ नका. पर्वरीत पावसात वीज गेली किंवा ब्रॉडबँड तुटले तर प्लेबुक अर्ध्यात मरते: जुना ड्रेनमध्ये, नवा १० वजनावर, आणि कोणालाच पत्ता नाही. कंट्रोलर मुंबईत, त्याच नेटवर्कमध्ये ठेवा, आणि खेळ तिथे सिस्टमडीची सेवा म्हणून किंवा निदान टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी चालू राहणारे टर्मिनल) चालवा. एफलॉकने कुलूप लावा, म्हणजे दोघांनी एकाच वेळी सुरू करता येणार नाही. प्रत्येक तुकडीच्या सुरुवातीला दोन्ही एचएप्रॉक्सींना विचारून चालू सर्व्हर मोजा. बारापेक्षा कमी असतील तर कारण न शोधता थांबा. या एका मोजणीमुळे अर्ध्यात मेलेला खेळ पुन्हा सुरू करणेही सुरक्षित होते.

पोस्टग्रेसला या प्लेबुकमध्ये अजिबात घेऊ नका. सेंटओएस ७ मध्ये ग्लिबसी (प्रणालीची मूळ लायब्ररी) २.१७ आहे, अल्मालिनक्स ९ मध्ये २.३४, आणि मधल्या २.२८ मध्ये अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. नव्या यंत्रावर नेहमीची स्ट्रीमिंग रेप्लिका उभी करून तिलाच प्रायमरी केले, तर मजकुराच्या स्तंभांवरचे इंडेक्स जुन्या क्रमाचे आणि तुलना नव्या क्रमाची अशी स्थिती होते. काहीही लाल होत नाही. ओळ टेबलात असते, शोधल्यावर सापडत नाही, आणि युनिक बंधन असूनही दुहेरी नोंदी शिरतात. उपाय दोन: लॉजिकल रेप्लिकेशनने (फाइलऐवजी नोंदींतले बदल पाठवून) नव्या यंत्रावर न्या (सीक्वेन्स आणि टेबलरचनेतले बदल त्यात आपोआप येत नाहीत, ते हाताने न्यावे लागतात), किंवा थोडा वेळ लिखाण बंद ठेवून प्रायमरी बदला आणि लिखाण उघडण्याआधी मजकुराचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधा. तुमची पोस्टग्रेस सेंटओएस ७ सोबत आलेली ९.२ असेल तर पहिला मार्ग बंदच आहे, कारण अंगभूत लॉजिकल रेप्लिकेशन १० पासून आले.

रेडिसपुढे सेंटिनल (मास्टर पडल्यावर नवा निवडणारे पहारेकरी) असतील तर तेही ध्यानात घ्या. एकदा पाहिलेला सेंटिनल बाकीचे सेंटिनल आपणहून विसरत नाहीत. तीन नवे घालून तीन जुने बंद केले की त्यांच्या लेखी सहा असतात. सहांचे बहुमत चार, आणि जिवंत तीनच. रोज सगळे ठीक दिसते, आणि ज्या दिवशी रेडिसचा मास्टर पडतो त्या दिवशी नवा निवडला जात नाही. जुना बंद केल्यावर उरलेल्या प्रत्येक सेंटिनलला रीसेटची सूचना द्या, एकानंतर एक, मध्ये ३० सेकंद सोडून.

टेराफॉर्मबद्दल: व्हीएम घडवायला ते उत्तम आहे, पण ओळीने बदलणे हे त्याचे काम नाही. बारा व्हीएमची प्रतिमा एका ओळीत बदलून लागू केलेत तर ते मुळात एका वेळी १० कामे समांतर करते, म्हणजे दहा सर्व्हर एकदम जातील. वापरायचेच असेल तर नव्या बारांना वेगळी नोंद द्या आणि ॲन्सिबलकडून एकेकाला बोलवा. पपेटचा एजंट मुळात दर ३० मिनिटांनी आपापल्या वेळेला उठतो. कोणी आधी, कोणी नंतर, यावर त्याचा ताबा नसतो, म्हणून क्रमाने करायच्या कामाला तो एकटा पुरत नाही. आणि एकच फाइल पपेट आणि ॲन्सिबल दोघांच्या हाती देऊ नका. तुम्ही केलेला बदल अर्ध्या तासात पुसला जातो.

खऱ्या कामाआधी चार लहान व्हीएम आणि एक एचएप्रॉक्सी घेऊन तीन रंगीत तालमी करा. पहिलीत प्रतिमा मुद्दाम बिघडवा, ॲप्लिकेशन उठणारच नाही अशी. दुसरीत ॲप्लिकेशन उठू द्या पण डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा द्या. इथे उथळ तपासणी होकार देईल आणि खोल तपासणीने अडवायला हवे. तिसरीत तुकडी अर्ध्यावर असताना कंट्रोलरच बंद करा. तिन्ही वेळा एकच गोष्ट पाहा: किती सर्व्हर ग्राहकांना उत्तर देत उरले, आणि तीच कमांड पुन्हा दिल्यावर काम नीट पुढे जाते का. पहिल्या दोन तालमींत बिघडवलेला सर्व्हर पहिल्या तुकडीत ठेवू नका, दुसरीत किंवा तिसरीत ठेवा, तेही धडधाकट सर्व्हरच्या जोडीने. टक्केवारीचे सेटिंग खरोखर काम करते की नाही हे तिथेच कळते.

बारावा आत गेल्यावर जुने बारा सेवा थांबवून २४ तास चालू ठेवा, मग यंत्रे बंद करून ७ दिवस डिस्क जपा. पुसण्याआधी त्यांच्यावरचे लॉग दुसरीकडे पोहोचले आहेत का आणि महिनाअखेरचा एखादा क्रॉन राहून गेला आहे का, हे पुन्हा बघा. शेवटी जुने पत्ते बँकेच्या आणि गेटवेच्या यादीतून काढायला कळवा. भाड्याचा आयपी सोडल्यावर तो उद्या दुसऱ्या कोणाला मिळतो, आणि तोवर तो तुमच्या नावाने नोंदलेला असतो.